मोबाईलवरची गाणी आणि बाळाचं बोलणं

‘मोबाईलवर बालगीतं लावून ठेवा, बाळ लवकर बोलतं’ असा मेसेज सोलापुरात कधीपासून फिरतोय. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच. पण दीड-दोन वर्षांपर्यंत मूल नुसत्या पडद्याकडे बघून फार थोडं शिकतं, कारण पडदा त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. बाळ ‘बा’ म्हणालं की आजी ‘भाकरी? ही बघ, गरम हाय!’ म्हणत तुकडा हातात ठेवते. शब्द, वस्तू, चव एकदम जुळतात. (शेजारीण तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलली तरी चालतं, बाळ गोंधळत नाही.) व्हिडिओ कॉल वेगळा, तिथं समोरून उत्तर येतं.

घरी पडताळा. पडद्यावर रोज दिसणारी एक वस्तू निवडा, दुसरी खेळताना हातात देऊन शिकवा. आठवड्यानं मोबाईल बंद करून दोन्ही वस्तू समोर ठेवा, एकेकीचं नाव घेऊन विचारा, ‘कुठाय?’ आणि बाळ कोणती ओळखतं ते बघा. दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.