आधी भिंती ऐकायला शिकवा

लहानपणी मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं, हा समज काही केल्या जात नाही. १९९३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेला मूळ प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा होता. त्यांना आकृत्यांच्या कोड्यांत जो फायदा झाला, तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकला. तान्ह्या बाळांचा त्यात संबंधच नव्हता. पाश्चात्त्य चर्चसंगीत मुलांना ऐकवायचं ते अफाट सुंदर आहे म्हणून. आणि त्याची सुरुवात मी बाथरूममधून करेन.

तिथे मुलाला एक टाळी वाजवू द्या. दुसरी, कपड्यांनी खच्चून भरलेल्या उघड्या कपाटात. पहिली घुमते, दुसरी जागीच विरते.

आवाज थांबल्यावर त्याची तीव्रता मूळच्या दहा लाखाव्या भागावर यायला जेवढा वेळ लागतो, तो निनादन-काळ. ढोबळ हिशेब करू. भिंती एकमेकींपासून वीस मीटर अंतरावर आहेत आणि दर धडकेला आवाजाचा दहावा हिस्सा गिळतात. ०.९ ने गुणत गेलं तर दहा लाखांशावर यायला १३१ धडका लागतात, म्हणजे सुमारे २,६०० मीटरची धाव. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, तेव्हा साडेसात सेकंद! त्याच भिंतींना निम्मा आवाज गिळू द्या: वीस धडका, ४०० मीटर, जेमतेम सव्वा सेकंद.

हार्वर्डच्या वॉलेस सबीन यांनी १८९५च्या सुमारास हे प्रत्यक्ष मोजलं. रिकाम्या व्याख्यानगृहात सूर साडेपाच सेकंद रेंगाळत होता. ते रात्री नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडत, ऑर्गनची नळी वाजवून थांबवत आणि निव्वळ कानांनी वेळ टिपत. गाद्या वाढल्या तसा काळ घटला.

आता ग्रेगोरियन गायन, म्हणजे कॅथलिक चर्चमधलं जुनं, एकाच चालीतलं प्रार्थनागायन, लावा. दगडी चर्चमध्ये भराभर गायलं तर शब्दांची खिचडी होईल, म्हणून ती चाल संथ. शिवाय आधीचा सूर विरण्याआत पुढचा येतो, त्यामुळे सगळे एकच चाल गात असूनही कानावर सुरांचा थर पडतो. जर्मन संगीतकार बाख १७२३ पासून लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चसाठी लिहीत होता. तिथल्या लाकडी सज्जांनी घुमणं आवरलं, म्हणून त्याच्या चपळ, गुंतलेल्या ओळी तिथे स्पष्ट ऐकू येत, असं ध्वनितज्ज्ञ होप बॅजनल यांनी मांडलं होतं.

माझी मुलगी हे गायन ऐकताना ओळ संपली की बोट वर करते आणि घुमणं पूर्ण थांबलं की खाली. एकदा सहा आकडे मोजून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, ते गाणारेपण थांबून हेच ऐकत असतील का?"