इयत्ता पाचवी, पहिले सत्र : वर्गात सध्या काय चालू आहे

(आमच्या शिकवणी वर्गाच्या नारायणगाव शाखेतल्या पालकांसाठी)

पालकहो, नमस्कार.

"मॅडम, रोज दीड तास पोरगं तुमच्याकडे बसतं, पण नेमकं शिकतंय काय?" हा प्रश्न जूनपासून फाटकाशी उभ्या-उभ्या इतक्या जणांनी विचारला, की शेवटी आम्ही दोघींनी हे पत्रक काढायचं ठरवलं. सहामाही परीक्षेपर्यंत मराठी माध्यमाच्या पाचवीत काय होतं आणि घरी काय करावं, काय करू नये, एवढंच यात आहे. नवोदयच्या तयारीची बॅच वेगळी आहे, तिचं पत्रक वेगळं मिळेल.

गणित. सत्राची सुरुवात रोमन संख्यांनी होते. मुलांना हा धडा कोडं सोडवल्यासारखा वाटतो आणि तो दोन दिवसांत संपतो. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात चारच्या जागी चार उभ्या काड्या दिसल्या, तर घड्याळ चुकीचं नाही. पुष्कळ घड्याळांत तशीच पद्धत आहे. वहीत मात्र पाचाच्या चिन्हाआधी एक काडी, असंच लिहायचं.

खरी अडचण त्यानंतर, मोठ्या संख्यांना. "पाच लाख सात" सांगितलं की वर्गातली निम्मी मुलं 50007 लिहितात. ऐकू आलेलं सगळं त्यांनी लिहिलेलं असतं. ऐकू न आलेली शून्यं लिहायची असतात हे त्यांना पटलेलं नसतं. इथे आम्ही नाणेघाटाची गोष्ट सांगतो. आपल्याच जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचे आकडे त्यात कोरलेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आकड्यांत शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. मुलांना फळ्यावर तशी चिन्हं देऊन लाखापर्यंत लिहायला सांगितलं, की दहा मिनिटांत कुणीतरी वैतागून म्हणतंच, "मॅडम, शून्य असतं तर बरं झालं असतं." त्या दिवसानंतर 5,00,007 चुकणं बरंच कमी होतं.

सगळ्यात जास्त वेळ अपूर्णांकांना जातो, आणि तो आम्ही मुद्दाम देतो. नेहमीची चूक बघा: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वर वर, खाली खाली बेरीज. यावर लाल रेघ मारून उपयोग होत नाही. आम्ही विचारतो, अर्धी भाकरी ताटात होती, वर आणखी तिसरा हिस्सा वाढला आणि आता ताटात अर्ध्यापेक्षा कमी भाकरी? मूल हसतं, मग विचार करायला लागतं. त्यानंतर छेद सारखे का करायचे ते कळतं: एका भाकरीचे सहा तुकडे केले तर तीन तुकडे आणि दोन तुकडे, मिळून सहातले पाच.

इथे पालकांना कळकळीची विनंती. "तिरका गुणाकार कर, उत्तर येतं" हा शॉर्टकट घरी आत्ताच शिकवू नका. उत्तर येतं हे खरं, पण दिवाळीनंतर दशांश अपूर्णांक आले की ते मूल पुन्हा अडतं, आणि पायापासून सगळं नव्याने सांगावं लागतं. त्याऐवजी आजोबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला सांगा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द पोरांच्या कानावर जन्मापासून आहेत, फक्त ते अपूर्णांक आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट पाऊण भरलं तर किती किलो? मार्केटला जाणाऱ्या घरातली मुलं हे कागद-पेन्सिलशिवाय सांगतात.

कोन मोजताना 60 अंशांचा कोन 120 लिहिला जातो, कारण कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. शून्य ज्या ओळीत कोनाच्या भुजेवर येतं, तीच ओळ वाचायची. दादा-ताईच्या जुन्या कंपासपेटीतला पुसट झालेला कोनमापक देऊ नका, नवा काही महाग नाही.

परिसर अभ्यास. पुस्तकं दोन. पहिल्यात सूर्यमाला आणि पृथ्वीचं फिरणं. ग्रह आठच आहेत. आपण पाठ केलेला नववा, प्लूटो, 2006 पासून बटुग्रह मानला जातो. स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, सूर्याभोवती ते परिभ्रमण, हे शब्द मुलं हमखास उलटे लिहितात. आणि उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते असं घरीही सांगितलं जातं, ते चूक आहे. ती सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटीपाशी बसतो तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. अंधाऱ्या खोलीत बल्ब आणि तिरका धरलेला चेंडू घेऊन हे दाखवता येतं, लाइट गेल्यावर मोबाइलच्या टॉर्चनेही जमतं.

खोडदच्या दुर्बिणीबद्दल मुलं विचारणारच. तिथल्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. डोळा लावून बघायची ती दुर्बीण नाही, त्यामुळे ती दिवसाही चालते.

दुसरं पुस्तक इतिहासाचं : इतिहास म्हणजे काय इथपासून अश्मयुगापर्यंत. आपल्या तालुक्यात कुकडीकाठी बोरीला अश्मयुगातली दगडी हत्यारं आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. त्या राखेच्या वयावरून अभ्यासकांमध्ये वाद आहे, आणि तो वादच आम्ही वर्गात आणतो. इतिहास पुराव्यावर कसा उभा राहतो, हे सनावळ्या पाठ करून समजत नाही.

भाषा. मराठीत सध्या 'फूल' पण 'फुलाला', 'गरीब' पण 'गरिबाला' यावर भर आहे. रोज पाच ओळींचं श्रुतलेखन घ्या, वर्तमानपत्रातलं चालेल. हिंदी पाचवीतच नव्याने सुरू होते. लिपी तीच असल्याने मुलांना सोपी वाटते आणि तिथेच घात होतो: मराठीत शिक्षा मिळाली की रडू येतं, हिंदीत शिक्षा घ्यायला शाळेत जातात. इंग्रजीत शब्दकोश बघायची सवय लावतोय, बाकी शाळेच्या क्रमानेच.

पाचवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं, नाही झालं तर फेरपरीक्षा असते. ऑक्टोबरमध्ये त्याची धास्ती घालून मुलांना बसवू नका.

वेळ सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. फी महिन्याच्या 10 तारखेपर्यंत. नाणेघाटाची सहल पावसात काढणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. तिथे पाय घसरतात आणि गर्दीही फार असते. दिवाळीनंतर एका रविवारी जाऊ. सोबत एक वही, पाण्याची बाटली आणि डबा द्या.