फ्लॅशचा झूम आणि खोक्यावरचा गाइड नंबर

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं डोकं एकाच कोनात प्रकाश टाकायचं, साधारण 35 मिमी लेन्सच्या चौकटीला पुरेल इतका (मिमीचा आकडा मोठा तितकी चौकट अरुंद). सत्तरच्या दशकात हाताने पुढेमागे ओढायचं डोकं आलं. वाइड, नॉर्मल, टेली अशा खुणांवर ते सरकवायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ऑटोफोकस कॅमेऱ्यांबरोबर मोटर आली आणि लेन्स फिरवली की फ्लॅश आपोआप 24 ते 80-85 मिमीपर्यंत सरकू लागला. नव्वदच्या दशकात ही मर्यादा 105 झाली, 2008 मध्ये 200.

आत घडतं ते साधं आहे. पुढची फ्रेनेल लेन्स (वर्तुळाकार खाचांचं चपटं भिंग) जागेवरच असते. ट्यूब (प्रकाश देणारी नळी) आणि तिचा रिफ्लेक्टर तिच्याजवळ आले की प्रकाश पसरतो, मागे गेले की एकवटतो. ट्यूबमधून निघणारी ऊर्जा मात्र तेवढीच राहते.

खोक्यावर छापलेल्या गाइड नंबरवरून होणाऱ्या वादाचं मूळ इथेच आहे. गाइड नंबर म्हणजे आयएसओ 100 ला (फिल्म किंवा सेन्सरची संवेदनशीलता) मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चर. तो कोणत्या झूमवर मोजायचा? एका जपानी कंपनीने 35 मिमीचा आकडा छापला, दुसरीने कमाल टेलीचा, आणि तोच मॉडेलच्या नावातही घातला. त्या दुसरीच्या '58'वाल्या फ्लॅशचा तक्ता पाहा: 24 मिमीला 28, 35 ला 36, 50 ला 42, आणि 105 ला कुठे 58. एफ/5.6 अ‍ॅपर्चरवर 58 म्हणजे सुमारे 10 मीटर, 36 म्हणजे जेमतेम साडेसहा. फरक जवळपास दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पहिल्या कंपनीचा त्याच काळातला '38'वाला फ्लॅश 105 मिमीला 56 देतो, म्हणजे दोघे तुल्यबळ. तरी दुकानात 38 कमजोर वाटायचा. पुढे बहुतेक स्वस्त ब्रँडनी टेलीचाच आकडा उचलला, 200 मिमीला 60. हा आकडा खोटा नाही, पण मंगल कार्यालयात 24-70 लेन्स लावून काम करणाऱ्याच्या तो क्वचितच उपयोगी पडतो. तुलना 35 मिमीच्या आकड्यांचीच करावी. हल्लीच्या गोल डोक्याच्या फ्लॅशवर थेट 76 वॅट-सेकंद असं लिहितात. त्यातून ऊर्जा कळते, पण रिफ्लेक्टर ती किती नीट पुढे फेकतो हे कळत नाही.

डिजिटल कॅमेरे आल्यावर आणखी एक गुंता झाला. फ्लॅशच्या पडद्यावरचे मिमी पूर्ण 35 मिमी फ्रेमचे असतात. 1.6 पट क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरमुळे चौकट तेवढी अरुंद होणाऱ्या, कॅमेऱ्यावर 50 ची लेन्स असताना फ्लॅश 80 वर चालतो. जुना फ्लॅश 50 वरच थांबून कडेचा प्रकाश वाया घालवतो. 2004 च्या सुमारास आलेले फ्लॅश सेन्सरचा आकार ओळखून स्वतःच बदल करू लागले.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून रेडिओ ट्रिगरवर (दुरून फ्लॅश उडवणारं उपकरण) लावला की बहुतेक वेळा त्याला लेन्स कळत नाही, झूम हाताने द्यावा लागतो. तो 105 वर राहिला तर प्रकाश मऊ करायला लावलेल्या छत्रीच्या मध्यभागी तेवढा तेजस्वी ठिपका पडतो आणि कडा रिकाम्या राहतात. छत्री पूर्ण भरायला 24 ते 35 ठेवा. थेट फ्लॅशमध्ये 24 च्या लेन्सला 105 चा झूम दिला तर कोपरे काळे पडतात. उलट केलं तर फोटो बिघडत नाही, पण टीटीएल (लेन्समधून प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद ठरवणारी यंत्रणा) जास्त ताकद मागतं, रिसायकल (फ्लॅश पुन्हा तयार होणं) लांबतं आणि सेल लवकर उतरतात. डोकं वर करून बाऊन्स केलं, म्हणजे प्रकाश छतावरून परतवला, की अनेक फ्लॅश स्वतःच 50 वर जातात आणि पडद्यावर आकड्याऐवजी रेघा येतात. छत उंच असेल तर झूम हाताने 80 किंवा 105 करून पाहा.

झूम 14 किंवा 17 वर अडकून बसला आणि बटण दाबूनही हलत नसेल, तर आधी वाइड पॅनेल (डोक्यातून ओढून काढायची, प्रकाश पसरवणारी पट्टी) पाहा. ते ओढलं की आतला छोटा स्विच दबतो. पॅनेल तुटलं तर तो दबलेलाच राहू शकतो. काही फ्लॅशमध्ये तो निकामी करण्याची सोय कस्टम सेटिंगमध्ये दिलेली असते.