मोत्याची मनी आणि परका बोका

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यात घडलेला एक प्रसंग या लेखाचे निमित्त आहे. शेजारच्या घरात मोत्या नावाचा गावठी कुत्रा आणि मनी नावाची मांजर लहानपणापासून एकत्र वाढली आहेत. एका संध्याकाळी मनी बाहेरच्या कट्ट्यावर अंग चाटत बसली असताना तीन भटकी कुत्री तिच्या रोखाने आली. मोत्या दारातून धावत बाहेर आला, तिच्या आणि त्या कुत्र्यांच्या मधोमध उभा राहिला आणि ती तिन्ही मागे वळेपर्यंत पाठीवरचे केस फुलवून सलग भुंकत राहिला. कोणीतरी हे मोबाईलवर टिपले, गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर ते फिरले आणि त्यासोबत ‘मागच्या जन्मीचा ऋणानुबंध’ हा निष्कर्षही फिरू लागला. मात्र दोनच दिवसांनी त्याच मोत्याने एका पिवळ्या बोक्याला गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळताना मी पाहिले. त्याचे चित्रण कोणी केले नाही.

खरे कोडे या दोन घटना शेजारी ठेवल्यावरच तयार होते. मोत्याला मांजर ही जातच प्रिय असती तर त्याने बोक्याचा पाठलाग केला नसता, आणि मांजर ही जात त्याची शत्रू असती तर मनीच्या बाजूने तो उभा राहिला नसता. मागच्या जन्माचे स्पष्टीकरण पहिल्या घटनेला चिकटवता येते, पण दुसरीबद्दल ते गप्प बसते, आणि ते तपासण्याचा कोणताही मार्ग नाही. काळे मांजर आडवे गेल्याने काम बिघडते, रात्री कुत्रे रडले की घरात कोणी दगावते, या समजुतीही याच जातकुळीच्या आहेत. त्यांची किंमत पुष्कळदा त्या मुक्या प्राण्याला दगड खाऊन चुकवावी लागते, म्हणून त्यांच्याकडे निरुपद्रवी गंमत म्हणून पाहणे मला जमत नाही.

भांडणाऱ्या मुलांना आपण कुत्र्या-मांजराची उपमा देतो, त्यामुळे हे हाडवैर जन्मजात असल्याची आपली खात्री झालेली असते. इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठाच्या नेटा-ली फॉयरस्टाइन आणि जोसेफ टर्केल यांनी दोन्ही प्राणी पाळणाऱ्या घरांचा अभ्यास करून २००८ साली जे निष्कर्ष मांडले, ते या खात्रीच्या विरुद्ध जातात. सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचे सख्य होते, साधारण २५ टक्के घरांत दोघे एकमेकांकडे दुर्लक्ष करीत होते, आणि उघड वैर फार थोड्या घरांत आढळले. मांजर सहा महिन्यांची आणि कुत्रा एक वर्षाचा होण्यापूर्वी गाठ पडली असेल, तर सख्य होण्याचा संभव अधिक होता. म्हणजे जातीपेक्षा वय महत्त्वाचे ठरत होते.

वयाचा हा धागा बराच जुना आहे. चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी १९३० साली मांजरीच्या पिल्लांचे तीन गट करून एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्ले पुढे उंदीर मारू लागली, एकटी वाढवलेल्या २० पैकी ९, आणि ज्यांच्या पिंजऱ्यात पहिल्यापासून उंदीर होता अशा १८ पैकी केवळ ३. या तिघांनीही ज्या जातीच्या उंदराबरोबर ते वाढले होते त्या जातीला हात लावला नाही. मारले ते इतर जातींचे. मोत्याचे आणि बोक्याचे कोडे ज्याला सुटत नसेल त्याने या तीन पिल्लांकडे पाहावे, कारण आपला कोण आणि परका कोण ही रेषा जातीच्या नावावर न पडता ओळखीवर पडते, हे तिथे स्वच्छ दिसते.

आता ही ओळख नेमकी केव्हा आणि कशी पक्की होते, हा मला या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या निरीक्षणांचे सार आलेखपटावरील दोन रेषांनी सांगता येते. पहिली रेषा कुतूहलाची: डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात कान काम करू लागतात, पाय अंग पेलू लागतात, आणि पिल्लू समोर येईल त्या वस्तूकडे सरकू लागते. दुसरी रेषा भीतीची: ती पाचव्या आठवड्याच्या आसपास वर चढू लागते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पहिलीला मागे टाकते. या दोन रेषांमधल्या मोकळ्या पट्ट्यात जो प्राणी, जो माणूस, जो वास पिल्लाला वारंवार भेटतो, तो त्याच्या जगाचा स्वाभाविक भाग होतो. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांशी संपर्क न येऊ देता कुंपणाच्या आत वाढवलेली पिल्ले चौदाव्या आठवड्यात पहिल्यांदा माणसाच्या हाती आली, तेव्हा ती रानटी प्राण्यांसारखी वागली. मांजरीच्या बाबतीत हा पट्टा आधी सुरू होतो आणि आधीच मिटतो. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील आयलीन कार्श यांच्या प्रयोगांवरून तो साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांचा मानला जातो.

पण भीतीची रेषा उशिरा का चढते? याचे उत्तर मेंदूत शोधावे लागते, आणि ते सर्वांत बारकाईने उंदराच्या पिल्लांमध्ये शोधले गेले आहे. रेजिना सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की जन्मानंतरच्या पहिल्या नऊ-दहा दिवसांत एखाद्या वासाबरोबर विजेचा सौम्य धक्का दिला, तरी पिल्लू त्या वासापासून दूर न जाता त्याच्याकडेच ओढले जाते. त्या वयात मेंदूच्या देठातील लोकस सेरुलियस नावाचा पेशीसमूह नॉरॲड्रेनालिन हे रसायन प्रौढांच्या तुलनेत फार जास्त प्रमाणात सोडतो, ते वासाचे पहिले संस्करण करणाऱ्या घ्राणकंदात पोहोचते, आणि त्या क्षणी नाकात असलेला वास तिथे ‘जवळ जावे’ अशा खुणेने नोंदवला जातो. भीती शिकवणारा अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग त्या काळात या व्यवहारात सहभागीच होत नाही, कारण कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकाची पातळी खाली असते. बाहेरून हे संप्रेरक टोचले, की तेच पिल्लू वेळेआधी तो वास टाळायला शिकते. वय वाढले तरी आई जवळ असेल तर संप्रेरकाची पातळी काही दिवस दबलेली राहते आणि ओढ लावणारे शिक्षण चालू राहते. निसर्गाचा हेतू उघड आहे: घरट्यातील असहाय जिवाने आईला चिकटून राहिलेच पाहिजे, मग ती कधी अंगावर पाय देवो वा दातांनी ओढो. कुत्र्याच्या आणि मांजरीच्या पिल्लांचे वेळापत्रक उंदरापेक्षा लांबलचक असते, आणि कुत्र्यांमध्ये ते जातीनुसारही मागेपुढे होते. पण आधी ओढ, नंतर भीती हा क्रम तिथेही दिसतो. या काळात घरट्यात आईखेरीज आणखी एक केसाळ प्राणी असेल, तर त्याचा वासही त्याच वहीत नोंदला जातो.

मायकेल फॉक्स यांनी १९६९ साली चिवावा जातीची पिल्ले एकेकटी मांजरीच्या पिल्लांत वाढवून पाहिली. त्यांना मांजरांची सोबत अधिक आवडत होती आणि आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबाकडे त्यांचे लक्ष जात नव्हते. स्वजातीच्या पिल्लांत दोन आठवडे काढल्यावर हा परिणाम ओसरू लागला. म्हणजे या काळात झालेली नोंद कायमची कोरलेली नसते.

ओळख झाली, तरी रक्षण कुठून येते? आपल्याकडे शेतात बकरी बसवत फिरणारे धनगर हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून जाणतात. कळपाबरोबर वाढलेले कुत्रेच रात्री लांडग्याची चाहूल लागताच भुंकून उठते. चार्ल्स डार्विनने १८३३ साली आजच्या उरुग्वेत हीच पद्धत पाहून तपशिलाने लिहिली आहे. कुत्र्याचे पिल्लू अगदी लहान असताना आईपासून वेगळे करून त्याला दिवसातून तीन-चार वेळा मेंढीचे दूध पाजत, मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून देत, आणि इतर कुत्र्यांत मिसळू देत नसत. मोठे झाल्यावर हे कुत्रे मांसाचा तुकडा आणायला घरी जाई, तेव्हा घरची कुत्री त्याचा पाठलाग करीत. पण मेंढ्यांपर्यंत पोहोचताच ते वळून भुंकू लागे आणि पाठलाग करणारी कुत्री पळ काढीत. कुत्र्याची ताकद एका क्षणात वाढलेली नसते. तो आता आपल्या गटात आणि आपल्या जागेवर उभा असतो, आणि आपल्या गटाकडे येणाऱ्या परक्यावर भुंकणे हे कुत्र्याचे सर्वसामान्य वर्तन आहे. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलजवळच्या मिडल बेटावर कोल्ह्यांमुळे छोट्या पेंग्विनांची संख्या दहाच्याही खाली गेली, तेव्हा २००६ पासून तिथे मारेम्मा जातीची राखणदार कुत्री ठेवण्यात आली. पेंग्विन आणि कुत्रा यांत तर उपमेपुरतेही नाते नाही. मोत्याने वेगळे काही केले नाही. त्याच्या गटातील एक सभासद मांजर होती, इतकेच.

मांजरीची बाजू येथे विसरली जाते. शिकारीच्या वर्तनाचे तुकडे असतात: रोखून पाहणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड, चावा. समोरचा जीव पळू लागला की पाठलागाचा तुकडा आपोआप जागा होतो, आणि कारवानी किंवा मुधोळ हाऊंडसारख्या सशामागे धावण्यासाठी जोपासलेल्या कुत्र्यांत तो फारच बळकट असतो. कुत्र्याबरोबर वाढलेली मांजर त्याला पाहून पळत नाही. शेपूट उभी धरून ती समोर येते, नाकाला नाक लावते, अंग घासून आपला वास त्याच्यावर सोडते. तेल अवीवच्या अभ्यासात एकत्र राहणाऱ्या कुत्र्यांनीही नाकाला नाक लावण्याची ही मांजरी पद्धत उचललेली आढळली. बोका पळाला, म्हणून मोत्या धावला.

अलीकडे अशा चित्रफितींखाली ‘ऑक्सिटोसिन, प्रेमाचे संप्रेरक’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. हे संप्रेरक खरे आहे आणि जवळिकीशी त्याचा संबंधही आहे, पण ते काही प्रसंगी परक्यांविषयीची सावधगिरी वाढवते. एका रसायनाच्या नावाने नात्याचा उलगडा झाला असे मानणे हे ऋणानुबंधाचेच आधुनिक रूप ठरेल.

घरात दोघांना एकत्र आणू इच्छिणाऱ्यांसाठी यातून एक अडचण पुढे येते. मांजरीचे पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहावे असे पशुवैद्य सांगतात, आणि तोवर तिचा तो कोवळा काळ बहुतांशी संपलेला असतो. म्हणून शक्य असल्यास जिथे शांत स्वभावाचे कुत्रे आधीच आहे अशा घरात जन्मलेले पिल्लू घ्यावे. मनी अशाच घरातून आली होती, आणि ती आली तेव्हा मोत्या जेमतेम तीन महिन्यांचा होता. दोघेही मोठे झाल्यावर भेटणार असतील तर आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली नोंदवले, की असे नाते जुळणे कुत्र्याच्या मैत्रीपेक्षा मांजरीला कुत्र्याजवळ किती निर्धास्त वाटते यावर अधिक अवलंबून असते. तेव्हा कुत्रा साखळीला, मांजरीला कपाट किंवा माळा मोकळा, आणि आधी एकमेकांच्या अंथरुणाच्या वासाची अदलाबदल, या क्रमाने जावे. मांजर उचलून कुत्र्यापुढे धरू नये, आणि ती आपण होऊन खाली उतरेपर्यंत साखळी सोडू नये.