स्क्रीनशॉट नको, स्टेटमेंट पाठवा
(पी-टू-पी, म्हणजे व्यक्तीने व्यक्तीला थेट कर्ज देण्याच्या, प्लॅटफॉर्मची तुलना करून मागणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे दर आठवड्याला एक प्रश्न ठरलेला असतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: "माझे पैसे दोन प्लॅटफॉर्मवर आहेत. एक १४ टक्के दाखवतोय, दुसरा ९. दुसऱ्यावरचे काढून पहिल्यावर टाकू का?" सोबत मोबाइलचे दोन स्क्रीनशॉट.

त्या स्क्रीनशॉटवरून आम्हाला काहीच सांगता येत नाही. मग आम्ही स्टेटमेंट मागतो, ग्राहक सारांशाची पीडीएफ पाठवतात, आम्ही पुन्हा मागतो, आणि यात आठवडा जातो. म्हणून हे पत्रक. पी-टू-पी कर्ज म्हणजे काय, ऑटो-इन्व्हेस्ट (आलेले पैसे आपोआप नव्या कर्जात घालण्याची सोय) कसे लावतात, हे तुम्हाला माहीत आहे असे धरूनच पुढे लिहिले आहे.

पडद्यावरचा आकडा कशाचा?

प्रत्येक प्लॅटफॉर्म परतावा आपल्या पद्धतीने काढतो. कोणी फक्त नियमित चालू असलेल्या कर्जांवरचे व्याज मोजतो. कोणी थकलेली कर्जे धरतो, पण बुडीत जाहीर होईपर्यंत पूर्ण किमतीला. कर्जाची वाट पाहत खात्यात नुसते पडून असलेले पैसे बहुतेक जण मोजतच नाहीत. यात खोटे काही नसते, खाली बारीक अक्षरांत व्याख्या दिलेली असते. फक्त दोन प्लॅटफॉर्मच्या व्याख्या वेगळ्या असतात आणि आपण आकडे शेजारी शेजारी ठेवतो.

समजा दोन्हीकडे १,००,००० गुंतवले आहेत. पहिल्यावर वर्षभर सरासरी १५,००० नुसते पडून होते, १०,००० थकलेल्या कर्जांत अडकले आणि ७५,००० वर १४ टक्क्यांनी व्याज आले, म्हणजे १०,५००. थकलेल्यांपैकी निम्मे, ५,०००, बुडाले. कर्जात असलेल्या ८५,००० वर १ टक्का शुल्क, ८५०. हाती राहिले ४,६५०. पडद्यावर १४ टक्के, हातात ४.६५.

दुसऱ्यावर फक्त २,००० पडून, ३,००० थकलेले, ९५,००० वर ९ टक्क्यांनी ८,५५० व्याज. बुडाले १,५००, शुल्क ९८०. हाती ६,०७०.

आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण हा उलटा क्रम आमच्या टेबलावर नेहमी दिसतो. यावर कर येतो. बुडालेले मुद्दल व्याजातून वजा करता येते की नाही, हे देशोदेशी वेगळे. जिथे येत नाही तिथे पूर्ण व्याजावर कर बसतो. समजा कर २० टक्के असेल, तर पहिल्यावर २,५५० उरतात आणि दुसऱ्यावर ४,३६०. तुमच्याकडे काय लागू होते ते तुमच्या कर सल्लागारालाच विचारा, आम्ही ते काम करत नाही.

जी चूक सगळ्यात महागात पडते

स्क्रीनशॉटचा हट्ट सोडून काही ग्राहक स्वतः एक्सेलमध्ये हिशेब मांडून पाठवतात. कौतुकच आहे. पण दहापैकी सात-आठ फायलींत एकच चूक असते, आणि ती निस्तरण्यात आमचा जितका वेळ जातो तितका पूर्ण हिशेब नव्याने करायलाही जात नाही.

ती चूक अशी: कर्जदाराचा हप्ता आला, तो ऑटो-इन्व्हेस्टने दुसऱ्या कर्जात गेला, आणि ग्राहकाने ती रक्कम "गुंतवणूक" म्हणून पुन्हा लिहिली.

एकाने १,००,००० टाकले. वर्षभरात ४५,००० चे हप्ते आले आणि परत कर्जांत गेले. वर्षाअखेर खात्याचे मोल १,०८,०००. नफा ८,०००, म्हणजे ८ टक्के, सरळ गोष्ट. पण त्यांच्या फायलीत गुंतवणूक १,४५,००० आणि परतावा ५.५ टक्के. त्या आधारावर ते चांगला चाललेला प्लॅटफॉर्म बंद करायला निघाले होते.

घराच्या उंबरठ्याचे उदाहरण घ्या. तुमचे बँक खाते उंबरठ्याच्या एका बाजूला, प्लॅटफॉर्म दुसऱ्या बाजूला. उंबरठा ओलांडून आत गेलेले पैसे आणि ओलांडून बाहेर आलेले पैसे, एवढेच तारखेसह लिहायचे. आत पैसे या कर्जातून त्या कर्जात कितीही फिरोत, आपल्याला देणेघेणे नाही. शेवटच्या ओळीत आजच्या तारखेचे खात्याचे मोल. मग एक्सेलचे एक्सआयआरआर सूत्र लावा, ते तारखा धरून वार्षिक परतावा काढते. व्याज, शुल्क, बुडीत, पडून राहिलेले पैसे, सगळे त्यात आपोआप येते, वेगळे काही वजा करावे लागत नाही.

तारखा का लागतात, असेही विचारले जाते. वर्षाच्या सुरुवातीला ५०,००० टाकले, नऊ महिन्यांनी आणखी ५०,०००, आणि वर्षाअखेर नफा ५,०००. एक लाखावर पाच हजार म्हणून ५ टक्के म्हणाल, तर दुसरे पन्नास हजार तीनच महिने कामाला होते हे विसरलात. वर्षभराच्या हिशेबाने कामावरचे भांडवल सरासरी ६२,५०० होते, परतावा साधारण ८ टक्के.

जाता जाता: स्वागत बोनस आणि कोणाला आणल्याबद्दल मिळालेली रक्कम वेगळ्या रंगात ठेवा. पुढच्या वर्षी ती येणार नाही, तुलनेत तिचा उपयोग नाही.

कर्जांचे वय

कर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी बुडवत नाही. पहिले काही हप्ते बहुतेक जण भरतात, थकबाकी पुढच्या महिन्यांत डोके वर काढते. त्यामुळे चार महिन्यांपूर्वी उघडलेले खाते नेहमी गोंडस दिसते. तीन वर्षे मुरलेल्या खात्याशी त्याची तुलना करणे अन्यायाचे आहे, आणि तो अन्याय जुन्या प्लॅटफॉर्मवर होतो.

हीच गोष्ट अख्ख्या प्लॅटफॉर्मलाही लागू. समजा पहिल्या वर्षी १,००० कर्जे दिली, त्यांतली ६० बुडाली: ६ टक्के. दुसऱ्या वर्षी धंदा वाढला आणि ३,००० नवी कर्जे दिली, ती अजून कोवळी आहेत. आता जाहिरातीत बुडीत प्रमाण ४,००० पैकी ६०, म्हणजे दीड टक्का. कर्जदारांमध्ये काहीही सुधारणा झालेली नाही. वाढीचा वेग थांबला की हाच आकडा उसळतो.

म्हणून एकूण बुडीत प्रमाण बघू नका, कर्ज दिल्याच्या वर्षानुसार मांडलेला तक्ता बघा. बऱ्याच ठिकाणी तो मागावा लागत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१९ च्या नियमांनंतर अपेक्षित आणि प्रत्यक्ष थकबाकी दरवर्षी जाहीर करणे प्लॅटफॉर्मला बंधनकारक झाले. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम आवळले, तेव्हा थकीत कर्जांचे प्रमाण दरमहा जाहीर करताना कर्ज देणाऱ्यांनी सोसलेला तोटाही दाखवायला सांगितले. जो प्लॅटफॉर्म हा तक्ता देत नाही, त्याला आमच्या तुलनेत आम्ही खालचा क्रम देतो. यावर ग्राहक वाद घालतात. घालू द्या.

थकलेल्या कर्जाचे आम्ही मोल कसे धरतो

आमच्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार इथली आहे. एक्सआयआरआरच्या शेवटच्या ओळीत आजचे मोल लागते, आणि थकलेल्या कर्जाला किंमत काय द्यायची? प्लॅटफॉर्म शंभराचे शंभर दाखवतो, आम्ही दाखवत नाही. ३० दिवसांपर्यंतच्या उशिराला आम्ही पूर्ण किंमत देतो, कारण पगार लांबला, खात्यात शिल्लक नव्हती, असे होतच असते. ९० दिवस उलटले की निम्मी. बँकांच्या जगातही ९० दिवस थकलेले कर्ज साधारणपणे बुडण्याच्या रांगेत धरतात, आम्ही काही जगावेगळे करत नाही. १८० दिवसांनंतर चौथाई.

"तुम्ही माझा परतावा कमी करून दाखवता," असे एक ग्राहक चिडून म्हणाले होते. आम्ही परतावा कमी करत नाही, फक्त आधी सांगतो. वसुली झाली की तीच रक्कम पुढच्या अहवालात परत जमा होते. आणि सगळ्या प्लॅटफॉर्मना एकच फूटपट्टी लावल्याशिवाय तुलना होणार कशी?

हमी, बायबॅक, राखीव निधी

थोडक्यात: हमी देणारा कोण आणि त्याच्याकडे पैसा किती, हे बघा. युरोपातल्या अनेक बाजारपेठांत कर्ज साधारण ६० दिवस थकले की मूळ कर्ज देणारी कंपनी ते परत विकत घेते. कंपनी सशक्त असेपर्यंत हे उत्तम चालते. पण दोनशे कर्जांत पैसे विभागले आणि ती सगळी एकाच कंपनीने दिलेली असतील, तर विभागणी कागदावरच आहे. ती कंपनी बसली की दोनशेच्या दोनशे बायबॅक एकदम बसतात.

राखीव निधीचेही, म्हणजे बुडीत भरून काढायला प्लॅटफॉर्मने बाजूला ठेवलेल्या पैशांचेही, तसेच. ब्रिटनच्या रेटसेटर या प्लॅटफॉर्मने मे २०२० मध्ये निधी टिकवण्यासाठी गुंतवणूकदारांचे व्याज निम्मे केले होते. भारतात तर प्लॅटफॉर्मने स्वतः हमी देण्यालाच २०१७ च्या नियमांपासून मनाई आहे, आणि २०२४ नंतर ठराविक मुदतीला खात्रीचा परतावा, हवे तेव्हा पैसे काढा, अशा थाटात जाहिरातही करता येत नाही. कुणी अजून तशा भाषेत बोलत असेल तर आम्हाला विचारण्याआधीच लांब राहा.

प्लॅटफॉर्मच बंद झाला तर

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आम्हीच काढतो. ब्रिटनच्या झोपा या कंपनीने २००५ मध्ये हा प्रकार सुरू केला आणि २०२१ च्या अखेरीस स्वतःच बंद केला. अमेरिकेच्या लेंडिंगक्लबने सामान्य गुंतवणूकदारांसाठीच्या नोट्स (कर्जाचे हप्ते आले की पैसे देऊ, असे कंपनीचे कागद) २०२० च्या अखेरीस थांबवल्या. ब्रिटनच्याच फंडिंग सर्कलने एप्रिल २०२० मध्ये कर्जे दुसऱ्याला विकण्याची सोय थांबवली आणि २०२२ मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांना कायमची रजा दिली. यात फसवणूक कुठेच नव्हती, धंद्याची दिशा बदलली एवढेच. चीनमध्ये मात्र दोन्ही झाले: ईझूबाओ या प्लॅटफॉर्मवर सुमारे ९ लाख लोक फसले, आणि एके काळी हजारोंनी असलेले प्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२० पर्यंत शून्यावर आले.

म्हणून तुलनेत आम्ही दोन रकाने नेहमी ठेवतो. एक, कागदोपत्री तुमचे येणे कोणाकडून आहे? कर्जदाराशी थेट करार आहे, की तुमच्याकडे प्लॅटफॉर्मची नोट आहे? लेंडिंगक्लबच्या नोट्स कंपनीच्या विनातारण देण्यांत मोडत, कर्जदार दूर कुठेतरी मागे. दोन, प्लॅटफॉर्म बसला तर हप्ते गोळा करून तुम्हाला कोण देणार, हे आधी ठरलेले आहे का? आणि "लगेच विका" हे बटण बाकीच्या सगळ्यांना विकायचे नसते तेव्हाच चालते.

परवाना बघाच, पण त्यावर विसंबू नका. युरोपीय संघाचे क्राउडफंडिंगचे नियम नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहेत, पण ग्राहकांना दिलेली वैयक्तिक कर्जे त्यांत येत नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता काय पाठवायचे

प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या खात्यात शिरून व्यवहारांचे पूर्ण स्टेटमेंट उतरवा, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात. सारांश नको, वार्षिक कर-पत्रक नको. सोबत त्याच दिवशीची चालू कर्जांची यादी, थकल्याच्या दिवसांसह.

फाइल उघडून तारखा "नीट" करू नका, ही हात जोडून विनंती. काही प्लॅटफॉर्म महिना आधी लिहितात, काही दिवस आधी. ०३/०७ हे तीन जुलै की सात मार्च, हे मूळ फाइलवरून आम्हाला कळते, तुम्ही बदलल्यावर कळत नाही. युरोपातल्या काही फायलींत दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि हजारांच्या जागी टिंब असते, १.२३४,५६ असे. तेही तसेच राहू द्या.

फाइल मिळाल्यावर एका प्लॅटफॉर्मचा ताळा आम्ही मोफत करून देतो, म्हणजे आमचे काम कसे असते ते तुम्हाला दिसेल. पुढे सगळे एकत्र हवे असतील तर वार्षिक अहवालाची सेवा आहे. आम्ही कोणत्याही प्लॅटफॉर्मकडून कमिशन घेत नाही, म्हणून शुल्क तुमच्याकडून घेतो. "तुमच्या लिंकवरून खाते उघडतो, अहवाल फुकट द्या" असे विचारणाऱ्यांना उत्तर नाही असेच आहे.

पीडीएफला पासवर्ड असेल तर तो वेगळ्या संदेशात पाठवा. खात्याचा लॉगिन पासवर्ड मात्र कधीच पाठवू नका. गेल्या वर्षी तिघांनी पाठवला. आम्ही तिघांनाही फोन करून तो आधी बदलायला लावला आणि मगच फाइल उघडली.