जबड्याचं ऑपरेशन सरकारीत करायचं की प्रायव्हेटमधे? तार बसवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे तार बसवायला येणाऱ्यांपैकी काही जणांचं काम नुसत्या तारेने होणारं नसतं. दात वाकडे आहेत ते ठीक, पण मुळात खालचा जबडाच पुढे आलाय किंवा मागे राहिलाय, किंवा तोंड मिटलं तरी पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. अशांना आम्ही ऑर्थोग्नॅथिक सर्जरीबद्दल, म्हणजे जबडा कापून नीट जागी बसवायच्या ऑपरेशनबद्दल सांगतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, सरकारीत करू की प्रायव्हेट? आम्ही ऑपरेशन करत नाही, त्याच्या आधीची आणि नंतरची तार बघतो. म्हणजे तारेचे पैसे आम्हाला मिळतात, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

सगळ्यात आधी एकच सांगणं: ज्या सर्जनकडे ऑपरेशन करायचंय त्यांनी तुम्हाला तपासून "हो, आम्ही ही केस घेतो" असं कागदावर देईपर्यंत तार बसवू नका. आमच्याकडे पण नको.

कारण असं की खालचा जबडा पुढे असला की दात आपले आपणच ते झाकायला बघतात, वरचे पुढे कलतात, खालचे आत झुकतात आणि त्यामुळे फरक असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ऑपरेशनच्या आधी आम्ही हेच उलटं करतो, प्रत्येक दात आपापल्या हाडावर सरळ उभा करतो, म्हणजे सर्जनला जबडा हवा तेवढा सरकवता येतो. याला साधारण 12 ते 18 महिने जातात आणि या काळात चावा आधीपेक्षा वाईट दिसायला लागतो. बिघडवलं म्हणून पेशंट आमच्यावर चिडतात, पण ते मुद्दामच केलेलं असतं. (काही ठिकाणी आधी ऑपरेशन आणि मग तार असंही करतात, पण ते प्रत्येक केसमधे चालत नाही.) आता समजा दात असे अर्ध्यावर आहेत आणि सरकारी हॉस्पिटलने सांगितलं की तुमची केस आमच्या नियमात बसत नाही, मग काय करणार? परत मागे न्यायचे तर वर्ष वाया, पुढे जायचं तर प्रायव्हेटचा खर्च, आणि त्याची तयारी कोणीच केलेली नसते.

दात काढण्याचंही तेच. ऑपरेशन न करता नुसतं झाकायचं असेल तर खालचा जबडा पुढे असलेल्यांच्या बहुतेक खालच्या उपदाढा (सुळ्यामागचे दात) काढतात, ऑपरेशनसाठी जागा लागली तर वरच्या. म्हणजे एकदम उलटं. काढलेला दात परत बसत नाही, तेव्हा "आधी तार करून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन आहेच" हे बोलायला सोपं आहे, करायला नाही.

सरकारीत केस बसते का हे बहुतेक करून कामात काय अडतंय यावर ठरतं, दिसण्यावर नाही. ब्रिटनमधे यासाठी 2014 पासून ऑपरेशनची गरज मोजायची 1 ते 5 अशी एक पट्टी आहे, त्यात वरचे दात खालच्यांपेक्षा 9 मिलिमीटरहून जास्त पुढे असतील किंवा पुढच्या दातांमधे 4 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी उभी फट राहत असेल आणि त्यामुळे कामात अडचण होत असेल तर केस सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे 5 मधे जाते. तुमच्याकडे हीच पट्टी वापरतील असं नाही, पण विचार तोच असतो. म्हणून तपासणीला गेलात की "हनुवटी आवडत नाही" एवढंच बोलून येऊ नका. पुढच्या दातांनी घास तोडता येत नाही, खालचे दात टाळूला टोचतात, ओठ मिटायला जोर लावावा लागतो, काही अक्षरं नीट निघत नाहीत, झोपेत श्वास अडकतो, यातलं जे खरं असेल ते स्पष्ट सांगा. लाजून गप्प बसणारे फार असतात आणि मग केस पेपरवर फक्त "दिसण्यासाठी" एवढंच लिहिलं जातं. इन्शुरन्सवाल्यांकडेही हाच शब्द नडतो, तिथे तर लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊच नका.

सरकारीचा तोटा सगळ्यांना माहीत आहे, वेटिंग. बऱ्याचदा ते दोनदा असतं, एकदा पहिल्या तपासणीसाठी आणि एकदा ऑपरेशनच्या तारखेसाठी, शिवाय दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही. पण मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधे सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट (तार बसवणारे डॉक्टर), भूलतज्ज्ञ, आयसीयू सगळं एका जागी असतं आणि अशा केसेस तिथे नेहमीच्या असतात, ही गोष्ट छोटी नाही.

प्रायव्हेटमधे तारीख तुमच्या सोयीने मिळते आणि सर्जन तोच राहतो. कोटेशन मात्र नीट वाचा. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, खोली, स्कॅन, कॉम्प्युटरवरचं प्लॅनिंग, हाड धरून ठेवणाऱ्या टायटॅनियमच्या प्लेटा आणि स्क्रू, आणि आधीची-नंतरची तार, हे सगळं आत आहे का वेगळं? आणि जे कोणी विचारतच नाही ते म्हणजे नंतर इन्फेक्शन होऊन प्लेट काढावी लागली किंवा जबडा थोडा परत जुन्या जागेकडे सरकला तर दुसऱ्या वेळचे पैसे कोण भरणार. सर्जनला वर्षाला अशा किती केसेस करता हेही बिनधास्त विचारा, चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

ऑपरेशन मात्र दोन्हीकडे तेच. पूर्ण भूल, काप तोंडाच्या आतून त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण नाही, दोन-तीन दिवस सूज वाढत जाते मग उतरायला लागते, साधारण 6 आठवडे आधी पातळ आणि मग मऊ खाणं. वाढ पूर्ण झाल्याशिवाय सहसा करत नाहीत, आणि खालचा जबडा पुढे असलेल्या मुलांना तर जास्तच थांबावं लागतं कारण तो उशिरापर्यंत वाढत राहतो. खालचा जबडा हलवला की ओठ आणि हनुवटी बधीर पडते, बहुतेकांची काही महिन्यांत परत जाणीव येते पण काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो. हे महागडं हॉस्पिटल निवडून टळत नाही, नस हाडाच्या आतूनच जाते. त्याची तयारी नसेल तर ऑपरेशन नको म्हणणं हाही बरोबर निर्णय आहे.

तार आमच्याकडे आणि ऑपरेशन सरकारीत असं काही जण करतात. होतं, पण सर्जन आणि आम्ही एकाच प्लॅनवर असलो तरच, आणि काही हॉस्पिटलं बाहेर सुरू झालेली ट्रीटमेंट घेतच नाहीत, ते आधी विचारा. आमच्याकडे काढलेले एक्स-रे, फोटो, दातांचे स्कॅन यांची कॉपी मागितली की मिळेल. पेनड्राइव्ह आणा, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंवरून सर्जनला माप काढता येत नाही.