बॉयलरला ज्योत दिसत नाही

जानेवारीतली सकाळ. बाहेर उणे सहा. स्वयंपाकघरातल्या कपाटात टांगलेल्या बॉयलरच्या छोट्या पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत होते. रेडिएटर गार पडलेले, नळाचं पाणी इतकं थंड की कप विसळताना बोटं बधिर होत होती. नेमका त्याच वेळी सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. घरात मफलर गुंडाळून बसलेली मला बघून तिनं विचारलं, "काय गं, बंब बिघडला का?"

इंग्लंडला येऊन बारा वर्षं झाली, तरी तिच्या लेखी आमचा बॉयलर म्हणजे बंबच. "आधी पाणी आहे का बघ त्यात," ती म्हणाली. "पाण्याशिवाय बंब पेटवायचा नसतो."

मला हसू आलं. पण बॉयलरच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड पेटण्याआधी पहिली तपासणी करतो ती हीच. पाणी नसताना बंब पेटवला की त्याचे सांधे सुटायचे. बॉयलरमध्ये पाणी फिरत नसेल तर आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्वालेची उष्णता पाण्याला देणारा भाग, काही सेकंदांत भलता तापतो.

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत आज कॉम्बी बॉयलर असतो. नळाला गरम पाणी तोच देतो आणि घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणीही तोच खेळवतो. बंबात मधोमध विस्तव आणि भोवती पाणी. इथे उलट, बारीक नळ्यांत पाणी आणि भोवती ज्वाला. बंब पेटला की नाही हे आपण वाकून बघायचो, धूर डोळ्यांत गेला की कळायचंच. बॉयलर मात्र पूर्ण बंदिस्त. आत काय चाललंय ते तो स्वतःच तपासतो, आणि तपासणीत काही अडलं की थांबतो. कुठे अडलं ते सांगणारा आकडा म्हणजे फॉल्ट कोड.

आयडियल, व्हेलंट, बॅक्सी अशा बॉयलर बनवणाऱ्या कंपन्यांत या आकड्यांचा सामायिक शब्दकोश नाही, ही पहिली पंचाईत. आयडियलच्या लॉजिक बॉयलरवर 'एफ १' दिसलं तर पाण्याचा दाब कमी आहे. व्हेलंटच्या बॉयलरवर 'एफ १' म्हणजे परतीच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची जोडणी तुटली आहे. पाणी कमी असेल तर बॅक्सी 'ई ११९' दाखवतो, व्हेलंट 'एफ २२'. पेटतच नसेल तर व्हेलंटवर 'एफ २८', आयडियलवर 'एल २', बॅक्सीवर 'ई १३३'. त्यामुळे शेजाऱ्याच्या बॉयलरचा अनुभव आपल्या कामाला येईलच असं नाही. मॉडेलचं नाव बघून त्याच मॉडेलचं पुस्तक उघडावं. घर भाड्याचं असेल तर ते पुस्तक हमखास मायक्रोवेव्हच्या पुस्तकाखाली, त्याच ड्रॉवरमध्ये सापडतं.

दुसरी पंचाईत जास्त खोल आहे. कोड बिघडलेल्या भागाचं नाव सांगत नाही. बोर्डाला काय जाणवलं किंवा जाणवलं नाही, एवढंच तो सांगतो. आमच्या त्या सकाळच्या कोडचा पुस्तकातला अर्थ होता, 'ज्योत आढळली नाही'. प्रत्यक्षात बिघाड होता घराबाहेरच्या भिंतीवर, आणि त्याचा ना गॅसशी संबंध ना ठिणगीशी. ते कसं, हे समजायला बॉयलर पेटतो कसा ते आधी पाहू.

गरम पाण्याचा नळ सोडला की बोर्डाला पाणी वाहू लागल्याचं कळतं. मग पंखा सुरू होतो. आधीच्या प्रयत्नातला न जळलेला गॅस आत साचला असेल तर तो बाहेर लोटून द्यायचा, हे त्याचं पहिलं काम. कपाटातून घोंघावल्यासारखा आवाज येतो तो हाच. त्यानंतर इलेक्ट्रोडवर काही हजार व्होल्टची ठिणगी पडते, टक-टक-टक, आणि त्याच वेळी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. आता काही सेकंदांत बोर्डाला ज्योत दिसली पाहिजे. नाही दिसली तर गॅस बंद, पुन्हा पंखा, पुन्हा ठिणगी. असे मोजके प्रयत्न फसले की बॉयलर स्वतःला कुलूप घालतो आणि पडद्यावर कोड येतो.

'दिसली' म्हणजे कशी, ही गोष्ट मला फार आवडते. बहुतेक घरगुती बॉयलरांत ज्योत बघायला कॅमेरा नसतो. ज्वालेतून वीज वाहते. जळण्याच्या रासायनिक गडबडीत काही रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि ज्वाला म्हणजे विद्युतभारित कणांचा पातळ ढग बनते. या ढगात धातूची एक काडी धरलेली असते. काडी आणि बर्नर यांच्यामध्ये उलटसुलट दिशा बदलणारा विद्युतदाब लावतात. काडीचं क्षेत्रफळ इवलंसं, बर्नरचं मोठं, त्यामुळे प्रवाह एका दिशेनं सहज जातो आणि दुसऱ्या दिशेनं जेमतेम. म्हणजे उलटसुलट लावलेल्या विजेतून एकाच दिशेचा प्रवाह निघतो. तो असतो जेमतेम काही मायक्रोअँपिअर, आणि मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. मोबाइलच्या चार्जरमधून अँपिअर-दोन अँपिअर सहज जातात, त्यावरून अंदाज करा.

प्रवाहाला दिशा आहे हीच यातली मेख. ओल शिरून किंवा तार कुठे टेकून शॉर्ट झालं तर प्रवाह वाहील, पण दोन्ही दिशांनी सारखा. बोर्ड त्याला ज्योत मानत नाही. आणि गॅस बंद असतानाच ज्योतीची खूण मिळाली तर तोही वेगळा कोड असतो, व्हेलंटवर 'एफ २७'. नसलेली ज्योत दिसू लागली तर यंत्रावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ते पेटायलाच नकार देतं.

आता 'ज्योत आढळली नाही' याचे अर्थ मोजा. गॅसच आला नसेल. ठिणगी पडली नसेल. ज्योत लागली असेल, पण काडीवर काजळी किंवा थर बसल्यानं ती जाणवली नसेल. किंवा ज्योत लागून लगेच गुदमरली असेल. चारही वेळा कोड जवळपास तोच. म्हणून घरात गॅसची शेगडी असेल तर आधी ती पेटवून बघावी. शेगडीही पेटत नसेल तर बॉयलर निर्दोष आहे. आधी पैसे भरायचा प्रीपेड मीटर असेल तर त्यातली शिल्लक बघावी. आमच्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्यानं बॉयलर बिघडला म्हणून दोन दिवस हीटरवर काढले होते आणि मीटरमध्ये शिल्लक होती शून्य.

आमची शेगडी पेटत होती. मात्र बॉयलरनं प्रयत्न केला की आतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येत होता, आणि तोच धागा निघाला.

घरात येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. किती पाणी? एक किलो मिथेनमागे सव्वादोन किलो. आपण घर तापवतो तेव्हा जणू विहीरही उपसत असतो. जुन्या बॉयलरांत हे पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जायचं, आणि वाफेतली उष्णताही तिच्याबरोबर जायची. कंडेन्सिंग बॉयलर ही उष्णता परत मिळवतो. रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असेल, तर त्या थंड नळ्यांवर वाफेचं पाणी होतं आणि जाता जाता ती आपली उष्णता देऊन जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर तो, अपवाद वगळता, असाच असावा लागतो.

या जमलेल्या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते संत्र्याच्या रसाच्या आसपास आंबट असतं आणि तांब्याला खातं, म्हणून प्लास्टिकच्या पाइपनं सोडतात. आमच्याकडे हा पाइप उत्तरेच्या भिंतीवरून चांगला तीन मीटर उघड्यावर गेला होता, तोही बोटभर जाडीचा. रात्रभर थेंब थेंब गळणारं पाणी आत गोठत गेलं आणि सकाळपर्यंत पाइपात बर्फाचं बूच बसलं. पाणी मागे तुंबलं, हीट एक्स्चेंजरच्या तळाशी साचलं, धुराची वाट अडली. पंखा जोर लावतोय, हवा पाण्यातून बुडबुडे काढतेय, ज्योत लागतेय आणि गुदमरतेय. बोर्डाला यातलं एकच कळलं, ज्योत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये हेच देशभर झालं होतं. १९१० पासूनच्या नोंदींत ब्रिटननं तितका थंड डिसेंबर पाहिला नव्हता. जे बॉयलर गोठलेल्या पाइपांमुळे अडले, त्यांचं आत काहीही मोडलेलं नव्हतं.

उपाय अगदी घरगुती. आईनं दिलेली रबरी शेकायची पिशवी गरम पाण्यानं भरली, पाइपाच्या कोपऱ्याला जुन्या ओढणीनं बांधली, आणि वरून केटलीतलं कोमट पाणी हळूहळू सोडत राहिले. उकळतं पाणी ओतू नये, पाइप तडकतो. सांडलेलं पाणी पायवाटेवर गोठतं हेही लक्षात ठेवावं, मी घसरता घसरता वाचले. वीस मिनिटांनी पाइपातून घळघळ आवाज आला. रीसेट दाबलं, पंखा घोंघावला, टक-टक, आणि आकडे जाऊन पडद्यावर तापमान आलं. उन्हाळ्यात तो पाइप बदलून ३२ मिलिमीटरचा जाड बसवला आणि त्यावर फोमचं आवरण चढवलं. पाइप जाड असला की बूच बसायला वेळ लागतो.

सेन्सरचे कोड त्या मानानं सरळ. पाण्याचं तापमान मोजायला थर्मिस्टर असतो, आणि तो जितका गार तितका विजेला जास्त विरोध करतो. तार तुटली की विरोध अनंत, म्हणजे बोर्डाच्या हिशेबानं पाणी अशक्य कोटीतलं थंड. शॉर्ट झालं की अशक्य कोटीतलं गरम. दोन्ही आकडे बोर्ड खरे मानत नाही. हे काम आपलं नाही, तंत्रज्ञाला कोड कळवावा आणि मोकळं व्हावं.

दाबाचं मात्र घरच्या माणसाला समजलेलं बरं. बॉयलरवर घड्याळासारखा काटा असतो, नव्यांत आकडा. गार असताना तो एक ते दीड बार दाखवायला हवा (बार हे दाबाचं माप). कमी झाला तर खाली वेणीदार नळीच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह उघडून पाणी भरायचं, दीडच्या आत थांबायचं आणि व्हॉल्व्ह आठवणीनं बंद करायचे. प्रत्येक मॉडेलची रचना थोडी वेगळी असते, पुस्तकात चित्र असतं. वर्षातून एखाद्या वेळी भरावं लागलं तर चिंता नको. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर पाणी कुठेतरी जातंय.

पुढच्याच हिवाळ्यात आमच्याकडे ते झालं. रेडिएटरखाली थेंब नाही, गालिचा कोरडा, तरी काटा रोज खाली. संध्याकाळी घर तापलं की मात्र तोच काटा पावणेतीनच्या पुढे. ही चढउतारच निदान होती. शंभर लिटर पाणी दहा अंशांवरून सत्तर अंशांवर नेलं तर ते सव्वादोन लिटरनं फुगतं. पाणी दाबलं जात नाही, मग या सव्वादोन लिटरनी जायचं कुठे? त्यासाठी आत एक डबा असतो. मधोमध रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. पाणी फुगलं की हवा मागे सरते. हवा निघून गेली किंवा पडदा फाटला तर पाण्याला जागा उरत नाही, दाब चढतो, आणि ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून ते बाहेरच्या नळीतून सांडतं. रात्री गार झालं की तेवढंच पाणी कमी पडतं. सकाळी पडद्यावर पाणी कमी असल्याचा कोड. आपण भरतो, संध्याकाळी तो पुन्हा सांडतो.

इथपर्यंत डोकं चालवावं, पेचकस मात्र चालवू नये. बॉयलर बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. बऱ्याच बॉयलरांत समोरचं झाकण हा त्या बंदिस्तपणाचाच भाग असतो. ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरनं माणसं दगावतात ती याच वायूनं. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं. ब्रिटनमध्ये गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या माणसानंच करायचं असा कायदा आहे. २००९ पूर्वी हीच नोंद कॉर्गीकडे असायची, जुनी मंडळी अजून तोच शब्द वापरतात. दारात आलेल्याचं ओळखपत्र मागावं, तो रागावत नाही. आणि गॅसचा वास आला तर कोडबिड न बघता खिडक्या उघडून बाहेर पडावं आणि ०८०० १११ ९९९ ला फोन लावावा.

रीसेटचं बटणही जपून. एकदा दाबलं, ठीक. गुण आला नाही तर थोडं थांबून दुसऱ्यांदा. त्यापुढे दाबत राहणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर झटकत बसणं. पुष्कळ बॉयलर मागचे कोड स्मृतीत ठेवतात आणि तंत्रज्ञ आल्यावर आधी तीच यादी वाचतो. तरी पहिल्यांदा कोड दिसला की फोटो काढून ठेवावा, आणि तेव्हा नळ चालू होता की रेडिएटर, हेही लिहून ठेवावं. तेवढ्यानं त्याचा अर्धा तास वाचतो, आणि तासाचे पैसे आपण देत असतो.

आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञानं झाकण काढलं आणि डब्याच्या हवेच्या तोंडावरची टोपी उघडली. ते तोंड हुबेहूब मोटारीच्या चाकाचं असतं. त्यानं नखानं पिन दाबली. फुस्स व्हायला हवं होतं, पाण्याची चिळकांडी उडाली. "पडदा फाटलाय," तो बाही पुसत म्हणाला. नवा डबा यायला दोन दिवस लागले. तोवर रोज सकाळी काटा बघून पाणी भरायचं काम माझ्याकडे होतं. त्या दोन्ही दिवशी फोन लागताच आईचा पहिला प्रश्न, "बंबात पाणी घातलंस का?"